डायनॅमो ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा? आमच्या मार्क टूचा अनुभव

डायनॅमो आणि अल्टरनेटर, दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतात आणि बॅटरी चार्ज करतात, डायनॅमो जुना प्रकार आणि अल्टरनेटर नवा. जुनी अँबॅसडर, फियाट नाहीतर जीप घरी असली की यातलं काय ठेवायचं हा प्रश्न एक ना एक दिवस दारात येतोच. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट्‌कट् वाजतंय, आणि गॅरेजवाला म्हणतो साहेब तो डायनॅमो काढून टाका, मारुतीचा अल्टरनेटर बसवून देतो, दोन तासांचं काम आहे. दुसरीकडे कुणीतरी जाणकार भेटतो तो म्हणतो ओरिजिनल गाडी बिघडवू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात म्हणून तर ठरवायला अवघड जातंय.

आमची अँबॅसडर मार्क टू आहे, १९७१ची, वडिलांनी घेतलेली, पेट्रोल, तेच १४८९ सीसीचं जुनं इंजिन. तिच्यावर मी आधी डायनॅमो आणि कटआउट (चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारा डबा) नीट करून घेतला, मग कटआउटच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला, आणि शेवटी अल्टरनेटर बसवला. तिन्ही प्रकार दोन-दोन वर्षं तरी वापरलेत, त्यावरून सांगतोय. कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो, गाडी कुठं आणि किती चालते यावर बरंच आहे.

आधी डायनॅमोबद्दल, कारण त्याची बाजू लोक फार पटकन निकालात काढतात. चांगल्या हाताने बांधलेला डायनॅमो वर्षानुवर्षं चालतो. त्यात डायोड नाही, आयसी नाही, जे काही बिघडतं ते डोळ्याला दिसतं. कार्बन (वीज बाहेर घेणारे ब्रश) झिजले, ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर काळा पडला, मागचा बुश ढिला झाला, संपलं. वडील दर ऑइल चेंजला मागच्या बुशच्या भोकात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायचे, एवढ्यावर आमचा डायनॅमो माझं कॉलेज संपेपर्यंत उघडायची वेळ आली नाही. आणि एक गोष्ट अल्टरनेटरमध्ये नाहीच, डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम शिल्लक राहतं, त्यामुळे बॅटरी अगदी बसलेली असली तरी चार माणसांनी ढकलून उतारावर सोडली की तो स्वतःच वीज उभी करतो आणि गाडी चालू होते. अल्टरनेटरला आधी बॅटरीकडून थोडी तरी वीज लागते तेव्हा तो जागा होतो, बॅटरी पार मेली असेल तर ढकलून ढकलून घाम निघतो पण हाती काही लागत नाही. शेतात, आडरस्त्याला गाडी नेणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

आमच्या गाडीचं काम जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत एक चाचा करायचे. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, स्वतः बांधायचे, कॉम्युटेटर लेथवर टर्न करून आणायचे आणि मग हॅकसॉच्या पात्याचा तुकडा घेऊन पट्ट्यांमधला अभ्रक एकेक खाच करत खाली घ्यायचे. ते काम बघत मी तासन्‌तास बसलोय. हा अभ्रक खाली घेतला नाही तर कार्बन उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि नवीन कार्बन काही महिन्यांत संपतो. नुसते कार्बन बदलून देणारे भरपूर आहेत, हे काम करणारे नाहीत. चाचांनी डोळ्यामुळे दुकान बंद केलं, त्यांच्या मुलाच्या दुकानात आता सगळे अल्टरनेटर आणि सेल्फच आहेत, डायनॅमो नेला तर तो प्रामाणिकपणे सांगतो, भाऊ हे अब्बाच करायचे, मला जमत नाही. जालन्याला एक जण आहेत, लातूरला एक आहेत असं ऐकलंय. म्हणजे "डायनॅमो कुठंही रिपेअर होतो" हे वाक्य आमच्या लहानपणी खरं होतं, आज मराठवाड्यात उलटं झालंय, अल्टरनेटर कुठंही रिपेअर होतो आणि डायनॅमोसाठी माणूस शोधत फिरावं लागतंय. निवड करताना हा मुद्दा मी वरच ठेवीन, तुमच्या गावात बांधणारा हात आहे का ते आधी बघा.

आता कटआउट. आपल्याकडे त्या पूर्ण डब्याला कटआउट म्हणतात, खरंतर त्यात कटआउट (डायनॅमो कमी पडला की त्याला बॅटरीपासून तोडणारा) आणि व्होल्टेज रेग्युलेटर दोन्ही असतात. खरी डोकेदुखी बऱ्याच वेळा डायनॅमोची नसते, या डब्याची असते. पॉइंट काळे पडतात, स्प्रिंगचं टेन्शन बदलतं, कुणीतरी पट्टी वाकवून "सेटिंग" करून ठेवलेली असते. कटआउटचे पॉइंट चिकटले तर अजून वाईट, इंजिन बंद केल्यावर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी व्हायला लागते, वेळेत कळलं नाही तर आर्मेचर जळतं. आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये बॉनेटखाली हात घालवत नाही, त्यात सेटिंग जरा वर असेल तर बॅटरी उकळते, दर आठवड्याला पाणी टाका. मी एका उन्हाळ्यात बॅटरीचा ट्रे ॲसिडने खाल्लेला बघितला आणि मग इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे वळलो.

इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही मधली वाट आहे आणि ज्यांना गाडीचं रूप जपायचंय त्यांच्यासाठी चांगली आहे. जुन्या डब्याच्या आतली बॉबिन काढून तिथं सर्किट बसतं, वरून झाकण तेच, वायरी त्याच डी, एफ, ए, ई वर, बाहेरून कुणाला कळत नाही. लावल्यानंतर एकदा डायनॅमो पोलराइज करून घ्यायचा, म्हणजे डायनॅमोवरची एफची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्हची वायर क्षणभर टेकवायची, हे विसरले की लोक म्हणतात रेग्युलेटरच खराब निघाला. माझ्याकडे ते लावल्यापासून पाण्याची कटकट गेली, दिव्यांचं कमी-जास्त होणं पण चालत्या गाडीत बरंच थांबलं. मी खूश होतो, सगळ्यांना सांगत सुटलो होतो की बस, हेच करा. पण मला जी गोष्ट सगळ्यात जास्त छळत होती ती तशीच राहिली.

ती गोष्ट म्हणजे उभ्या गाडीतला लाल दिवा.

आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, डायनॅमो काही देत नाही. थोडं देतो असं नाही, काहीच देत नाही. माझ्या गाडीवर जो सी-४० जातीचा डायनॅमो होता त्याला चार्ज सुरू करायला स्वतःचे मिनिटाला साधारण साडेचौदाशे फेरे लागतात. इंजिन आयडलला सातशेवर, पुलीच्या हिशोबाने डायनॅमो हजार-अकराशेवर, म्हणजे कितीही चांगला बांधा, कितीही भारी रेग्युलेटर लावा, उभ्या गाडीत बॅटरीच सगळं खेचणार. यात कुणाचा दोष नाही, ज्या काळात ही गाडी आखली तेव्हा गाड्या उभ्या कमी राहायच्या आणि लोडही कमी होता. पण आज शहरात गाडी निम्मा वेळ उभीच असते ना.

शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर मी किती वेळा अडकलोय याचा हिशोब नाही. फाटक पडलं की संध्याकाळी दिवे चालू, लाल दिवा मिणमिणायला लागतो, आणि मग माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. थोडी रेस दिली की दिवा विझतो, सोडली की लागतो. मग हेडलाइट बंद कर, पार्किंगवर ठेव, फाटक उघडलं की परत लाव. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणायचा, साहेब रेस कशाला करायलात, जायचं कुठंय? आई मागच्या सीटवरून म्हणायची, बंद तरी कर नाहीतर चालू तरी ठेव, हे काय कण्हणं लावलंस. बंद करायची तर सेल्फला परत बॅटरी लागणार. सिग्नलला, टोल नाक्याला, लग्नाच्या हॉलबाहेर, सगळीकडे तेच. गाडी चालवताना माझं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं त्या दिव्यावर असायचं. वाचताना ही छोटी गोष्ट वाटेल, पण रोज घडणारी छोटी गोष्टच माणसाला थकवते.

आणि मग तुळजापूरची ती रात्र. दसरा होऊन गेला होता, परतीचा पाऊस चालू, आम्ही दर्शन करून रात्री परत निघालो, गाडीत आई, बायको, दोन पोरं. मांजरसुंब्याच्या अलीकडे पुढे ट्रक आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. पाऊस असल्यामुळे वायपर बंद करता येत नाही, रात्र असल्यामुळे दिवे बंद करता येत नाहीत, पाच-दहा फूट सरकायचं आणि थांबायचं. हेडलाइट ९० वॅट, टेल-पार्किंग-नंबरप्लेट मिळून अजून तीसेक, म्हणजे दहा अँपिअर तिथंच गेले, कॉइलचे तीन-चार, वायपरचे दोन-तीन. सोळा अँपिअर सरळ बॅटरीतून. साठ अँपिअर-अवरची बॅटरी, ती पण जुनी, दोन तास म्हणजे खूप झाले. पाऊण तासाने हेडलाइट पिवळे पडले, वायपर काचेच्या मध्यावर दम घ्यायला लागला, दीड तासाने हॉर्न घशात अडकला. शेवटी मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि रांग सुटेपर्यंत आम्ही अंधारात बसलो, मागून येणाऱ्या गाडीला आम्ही दिसावं म्हणून पोरगा मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेला लावून बसला होता. मला ते दृश्य अजून आठवतं. रांग सुटल्यावर एका पिकअपवाल्याने केबल लावून चालू करून दिली, देव त्याचं भलं करो, आणि बीडपर्यंत मी एकदाही क्लच दाबून गाडी आयडलला येऊ दिली नाही.

त्या रात्री माझ्या डायनॅमोत काहीही बिघाड नव्हता. दुसऱ्या दिवशी तपासला, चालत्या गाडीत अगदी नेमका चार्ज करत होता. तिथंच माझं ठरलं. बिघाड असता तर दुरुस्त केला असता, पण तो धडधाकट असताना हे झालं.

अल्टरनेटरमध्ये काय फरक पडला ते सांगतो. पहिल्या संध्याकाळी फाटकावर थांबलो, दिवे चालू, वायपर मुद्दाम चालू केला, आणि लाल दिवा लागलाच नाही. हेडलाइट किंचित खाली येतात, खोटं कशाला बोलू, अल्टरनेटर पण आयडलला पूर्ण ताकद देत नाही. पण तो काहीतरी देतो, बॅटरीवरचं ओझं बरंचसं उचलतो, आणि जरा पाय लावला की भरून काढतो. माझा उजवा पाय आता फाटकावर जमिनीवर असतो. आईच्या लगेच लक्षात आलं, म्हणली आज कण्हत नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. डायनॅमोत सगळी तयार झालेली वीज फिरत्या आर्मेचरमधून कार्बनवाटे बाहेर येते, म्हणून तो जास्त वेगाने फिरवता येत नाही, आर्मेचरच्या तारा बाहेर फेकल्या जातात. अल्टरनेटरमध्ये फिरतं ते फक्त फील्ड (चुंबक तयार करणारी कॉइल), कार्बनमधून तीन-चार अँपिअर जातात, बाकीची वीज स्थिर भागातून निघते, त्यामुळे लहान पुली लावून त्याला बिनधास्त पळवता येतं. म्हणून एक चूक करू नका, जी आमच्याकडे पहिल्यांदा झाली. पट्टा जुळावा म्हणून मेकॅनिकने डायनॅमोचीच मोठी पुली अल्टरनेटरवर चढवली. अल्टरनेटर सावकाश फिरायला लागला आणि आयडलला परत तोच लाल दिवा. मी तर डोक्याला हात लावला. मग लहान पुलीचाच गाळा पट्ट्याच्या मापाचा करून घेतला, तेव्हा जमलं. तुमचा मेकॅनिक असं करायला लागला तर तिथंच थांबवा, अल्टरनेटर बसवायचं अर्धं कारण त्या लहान पुलीत आहे.

कुणाचा बसवायचा यावर लोक भांडतात. मारुती ८००चा छोटा आहे, हलका आहे, रेग्युलेटर आतच आहे, प्रत्येक तालुक्याला मिळतो. नंतरच्या अँबॅसडरवर यायचा तसला लुकास-टीव्हीएसचा घेतला तर ब्रॅकेटची भानगड कमी होते, कारण तेच इंजिन घराणं, भंगारातल्या टॅक्सीवरचा ब्रॅकेट मिळाला तर जवळपास जसाच्या तसा बसतो. मी हाच घेतला, रिकंडिशन केलेला, ब्रॅकेटसकट. मारुतीवाल्याला ब्रॅकेट वेल्डिंग करून बनवावा लागतो आणि पट्टा सरळ रेषेत आला नाही तर दर दोन महिन्याला पट्टा खातो, म्हणून माझा कल लुकास-टीव्हीएसकडे, पण चांगला फिटर असेल तर मारुतीचाही काही वाईट नाही. एक मात्र, डिझेल गाडीचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, बऱ्याच डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला मागे ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो, त्याला ऑइलची लाइन लागते, पेट्रोल गाडीत तो नुसता अडगळ होतो.

अजून काही गोष्टी. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, असेल, जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या बऱ्याच असायच्या, तर आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्यावी लागते. सेल्फला काही फरक पडत नाही, पण कॉइलच्या वायरींची अदलाबदल करावी लागते, अँमीटर असेल तर त्याच्याही, आणि जुना रेडिओ असेल तर तो आधी सोडवा. अल्टरनेटर लावून बॅटरी एकदा जरी उलटी जोडली तर डायोड त्याच क्षणी गेले समजा, डायनॅमो असल्या चुका पुष्कळदा माफ करायचा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची क्लॅम्प काढून "चार्जिंग बघायची" आपल्याकडच्या मेकॅनिकांची जी सवय आहे ती अल्टरनेटरला चालत नाही, व्होल्टेज उडी मारतं आणि डायोड मरतात. माझ्यासमोर एकाने हात पुढे केला होता, मी अक्षरशः त्याचा हात धरला.

वायरिंगचं म्हणाल तर मी अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या बॅटरीच्या टोकापर्यंत नवीन जाड वायर टाकली, ६ स्क्वेअर एमएमची, मध्ये फ्यूज. जुन्या डायनॅमोच्या वायरीवर आणि पन्नास वर्षांच्या कापडी इन्सुलेशनवर हा लोड टाकू नये असं मला वाटतं. डॅशवर ३०-०-३० चा अँमीटर असेल तर अल्टरनेटरचा पूर्ण करंट त्यातून नेऊ नका, त्याऐवजी छोटा व्होल्टमीटर बरा.

आता दुसरी बाजू. अंबाजोगाईला आमचे दाजी आहेत, त्यांच्याकडेही मार्क टू आहे, आमच्या गाडीपेक्षा जास्त जपलेली, आणि ते डायनॅमो काढायला अजिबात तयार नाहीत. मी त्यांना आग्रह करत नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. ते सकाळी काढतात, ऊन व्हायच्या आत परत आणतात, योगेश्वरीला जाऊन येणं नाहीतर परळीपर्यंत, रात्री कधीच नाही. गर्दीत जात नाहीत. त्यांच्या गाडीत लाल दिवा फक्त चालू करताना दिसतो. बॉनेट उघडलं की सगळं कारखान्यातून आल्यासारखं, ते काळं लांबट नळकांडं जागच्या जागी, आणि मला दर वेळी थोडी चुटपुट लागते हे कबूल करतो. माझ्या बॉनेटखाली तो चांदीसारखा गोल डबा डोळ्यात भरतो. व्हिंटेज रॅलीला गाडी न्यायची असेल, परीक्षक बॉनेट उघडणार असतील, तर डायनॅमो आणि आतून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हीच जोडी मी पण सुचवीन.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, डायनॅमोच्याच अंगात बसवलेले अल्टरनेटर मिळतात, बाहेरून डायनॅमो आणि आतून अल्टरनेटर. दोन्ही गोष्टी साधतात, पण मागवण्याचा खर्च, कस्टम, आणि बिघडला तर पाठवायचा कुठं हा प्रश्न. माझ्या बजेटमध्ये ते बसलं नाही. ज्यांच्या बसेल त्यांनी जरूर विचार करावा.

थोडक्यात विचारलं तर मी समोरच्याला एकच विचारतो, रात्री घरच्यांना घेऊन जाता का? नाही म्हणाला तर डायनॅमो बांधून घे, रेग्युलेटर लाव, ऑइलचे थेंब टाकत राहा. हो म्हणाला तर मी अल्टरनेटरचंच नाव घेईन, आणि शक्य असेल तर पावसाळ्याआधी. मत माझं आहे, तुमच्या मेकॅनिकशी बोलून घ्या.

बसवलात तर जुना डायनॅमो, कटआउटचा डबा, ब्रॅकेट, पुली, बोल्टसकट सगळं एका डब्यात घालून ठेवा, डी आणि एफच्या जुन्या वायरी कापू नका, टोकाला टेप लावून चिठ्ठी बांधा. आणि अल्टरनेटर बसवल्यावर चार्ज होत नाही म्हणून तो उघडायच्या आधी डॅशवरचा लाल बल्ब तपासा, कारण अल्टरनेटरला जागं करणारी सुरुवातीची वीज त्याच बल्बमधून जाते. आमच्याकडे एका माणसाने दोन अल्टरनेटर बदलले, आणि उडालेला निघाला तो बल्ब.